शिकागोचं लिंकन पार्क: जाण्याआधी पडणारे नेहमीचे प्रश्न

लिंकन पार्क म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठाने उत्तर-दक्षिण गेलेली ही सुमारे ७ मैलांची, म्हणजे ११ किलोमीटरची पट्टी आहे. क्षेत्रफळ जवळपास १,२०० एकर. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं. तशी चाळीसेक मैदानं ओळीने मांडा, म्हणजे अंदाज येईल. म्हणून ‘लिंकन पार्कला भेटू’ एवढ्या निरोपावर कोणी निघू नये. एक जण प्राणिसंग्रहालयाच्या दारात आणि दुसरा मॉन्ट्रोजच्या वाळूवर, असं सर्रास होतं. त्यात शेजारच्या वस्तीचं नावही लिंकन पार्कच आहे. फोनच्या नकाशात नुसतं नाव टाकलं तर तो कधी कधी वस्तीच्या मधोमध नेऊन सोडतो.

भेटायची जागा रस्त्याच्या नावाने ठरवा. शिकागोत घरांचे आकडे ८०० ने वाढले की एक मैल झाला. नॉर्थ अव्हेन्यू १६००, फुलर्टन २४००, बेलमाँट ३२००, मॉन्ट्रोज ४४००, फॉस्टर ५२००. म्हणजे नॉर्थ अव्हेन्यूपासून मॉन्ट्रोज साडेतीन मैल. रमतगमत चालणाऱ्याला दीड तास धरा. हे गणित एकदा डोक्यात बसलं की नकाशा फारसा उघडावा लागत नाही.

एका दिवसात काय काय होईल?

एकच टप्पा नीट होईल. पहिल्यांदा येणाऱ्यांनी नॉर्थ अव्हेन्यू ते फुलर्टन हा एक मैल घ्यावा: प्राणिसंग्रहालय, काचघर, कमळतळं, लाकडी पायवाटेचं तळं आणि पलीकडे वाळूचा किनारा. पक्षी बघायचे असतील, पतंग उडवायचा असेल किंवा मोकळं आकाश हवं असेल तर थेट मॉन्ट्रोज. मधला डायव्हर्सी ते बेलमाँटचा भाग होड्यांच्या धक्क्यांचा आणि टेनिस-गोल्फ खेळणाऱ्यांचा. डायव्हर्सीला गोल्फचा सराव करायची जागा आणि १८ भोकांचं मिनी गोल्फ आहे. मुलं सोबत असतील तर मिनी गोल्फमध्ये एखादा तास मजेत जातो. बाकी त्या भागात बघण्यापेक्षा चालणंच जास्त.

समोर सरोवर दिसतंय, पण तिथे जायला वाट कुठे आहे?

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. बाग आणि किनारा यांच्या मधून लेक शोअर ड्राइव्ह हा भरधाव रस्ता जातो (बाहेरून येऊन इथे कायमचे स्थायिक झालेले पहिले रहिवासी मानले जाणारे द्यू साबल यांचं नावही २०२१ पासून त्याच्या नावात जोडलं गेलं आहे). तो पायी ओलांडता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका. पलीकडे जायला ठरावीक जागाच आहेत: नॉर्थ अव्हेन्यूजवळचा पादचारी पूल, आणि फुलर्टन, डायव्हर्सी, बेलमाँट, मॉन्ट्रोज, फॉस्टर अशा काही ठिकाणी रस्त्याखालून जाणाऱ्या वाटा. दोन वाटांमधलं अंतर अर्ध्या मैलापासून मैलापर्यंत असतं. हातात बाबागाडी, शीतपेटी आणि छत्री असताना चुकीच्या बाजूला उतरलात तर पाऊण तासाचा वळसा पडतो. त्यामुळे घरून निघतानाच ठरवा, आज रस्त्याच्या कुठल्या बाजूला बसायचं.

गाडीशिवाय कसं पोचायचं?

प्राणिसंग्रहालयाकडे जायला १५१ आणि १५६ नंबरची बस सगळ्यात सोयीची. या बस बागेतल्याच स्टॉकटन ड्राइव्हवरून जातात, उतरलं की दार समोर. क्लार्क स्ट्रीटवरची २२ नंबरची बसही जवळ सोडते आणि ती रात्रभर चालते. रेल्वेने यायचं तर ब्राउन लाइनचं सेजविक किंवा रेड आणि ब्राउन लाइनचं फुलर्टन स्टेशन. सेजविकहून बागेच्या दक्षिण टोकाला दहा-बारा मिनिटं लागतात, फुलर्टनहून प्राणिसंग्रहालयाला वीस मिनिटं. ओहेअर विमानतळावरून थेट येत असाल तर ब्लू लाइनने क्लार्क-लेक, तिथे बदलून किंबॉलकडे जाणारी ब्राउन लाइन. मॉन्ट्रोजला ७८ नंबरची बस घ्या, आणि उतरल्यावर पाण्यापर्यंत चालायची तयारी ठेवा. सात वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही.

गाडी आणली तर?

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी अकराच्या आत पोचलात तर जागा मिळते, नंतर चकरा मारणं आलं. प्राणिसंग्रहालयाचा स्वतःचा वाहनतळ फुलर्टन आणि कॅनन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर आहे. प्रवेश फुकट असला तरी इथे गाडी लावायचे पैसे चांगलेच लागतात. स्टॉकटन आणि कॅनन ड्राइव्हवर मीटरची जागा आहे, पैसे फोनवरच्या अॅपने भरता येतात.

शेजारच्या गल्ल्यांत जागा रिकामी दिसली की मोह होतो. तिथल्या खांबांवरची आणि झाडांवरची प्रत्येक पाटी वाचा, तीन-तीन असतात. एक सांगते की संध्याकाळनंतर फक्त रहिवाशांच्या परवान्याच्या गाड्या. दुसरी सांगते की अमुक दिवशी सकाळी रस्ता झाडतात. तिसरी गाडी उचलून नेण्याची. दंडाची चिठ्ठी बहुधा दुसऱ्या पाटीमुळे मिळते, कारण ती तात्पुरत्या कागदाची असते आणि झाडाला बांधलेली असते. ऑगस्टमध्ये नॉर्थ अव्हेन्यूच्या किनाऱ्यावर विमानांच्या कसरतींचा कार्यक्रम असतो, त्या दोन दिवसांत गाडीचा विचारच नको.

प्राणिसंग्रहालय खरंच फुकट आहे? त्यात काही मेख?

खरंच फुकट, वर्षाचे ३६५ दिवस. १८६८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कने भेट दिलेल्या राजहंसांपासून ते सुरू झालं. मेख असलीच तर वाहनतळाची, आणि नाताळच्या सुमारास होणाऱ्या दिव्यांच्या रोषणाईची. तिला बहुतेक संध्याकाळी तिकीट असतं.

आवार आटोपशीर आहे, दोन-अडीच तासांत सगळं बघून होतं. सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. सिंह तेव्हा हिंडताना दिसतात. दुपारी दोनला गेलात तर एक कान आणि शेपटीचं टोक बघून परत यावं लागतं. गोरिलांचं घर, आफ्रिकन पेंग्विन, जपानी माकडं आणि ध्रुवीय अस्वल चुकवू नका. शेवटचे दोन तर थंडीतच जास्त खुशीत असतात. हत्ती मात्र नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा. दक्षिण टोकाच्या छोट्या शेतावर गाई-शेळ्या आहेत. शहरात वाढलेल्या नातवंडांना त्याचं अप्रूप वाटतं, गावाकडून आलेल्या आजोबांना तितकंसं नाही.

प्राणिसंग्रहालयात वाटेवर चुन्यासारखे पांढरे सडे कशाचे?

मान वर करा, पण तोंड बंद ठेवून. झाडांवर रातढोकरींची वीण वसाहत आहे. आपल्याकडे तळ्याकाठी संध्याकाळी ‘क्वॉक’ ओरडत जाते तीच ही जात: काळी टोपी, काळी पाठ, राखी पंख, लालबुंद डोळे. पिल्लं तपकिरी आणि ठिपक्यांची असतात. इलिनॉय राज्यात ती धोक्यात आलेल्या पक्ष्यांत मोडते, आणि गजबजलेल्या शहराच्या मधोमध तिने ही जागा निवडली. वसंतात येतात, पिल्लं वाढवून शरद ऋतूत निघून जातात. जून-जुलैत घरट्यांखालच्या बाकावर डबा उघडू नये, एवढंच.

काचघर आणि कमळतळं यांना वेळ द्यावा का?

जरूर. काचघर १८९० ते १८९५ या काळात बांधलं. ताडमाड, नेचे, ऑर्किड आणि मोसमी फुलं अशी चार दालनं. प्रवेश मोफत, पण वेळ आधी ऑनलाइन राखून जावं आणि उघडण्याचे वार बघून घ्यावेत. आठवड्याच्या सुरुवातीला ते बंद असतं. बाहेर बर्फ असताना आत शिरलं की चष्म्यावर धुकं आणि नाकात ओल्या मातीचा वास. कोकणातल्या माणसाला त्या वासाने घरची आठवण येते. अंगातला जाड कोट दारातच काढा, नाहीतर पाच मिनिटांत घामाघूम व्हाल.

फुलर्टन आणि कॅनन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं आल्फ्रेड कॉल्डवेल कमळतळं न बघताच बहुतेक लोक फाटकावरून पुढे जातात, कारण ते मुद्दाम आडोशाला ठेवलेलं आहे. १९३६ ते ३८ मध्ये बागरचनाकार कॉल्डवेल यांनी ते घडवलं. रानफुलांना पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसी मोडली आणि विस्कॉन्सिनमधून रोपं आणली. चुनखडीचे थर, आडव्या फांद्यांची झाडं, छोटा धबधबा. खाणं, कुत्रं, सायकल काहीही आत चालत नाही. हिवाळ्यात फाटक बंद असतं; एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जा.

पाण्यात उतरता येतं का? सरोवरच तर आहे, धोका कसला?

‘सरोवरच तर आहे’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. मिशिगन सरोवर ५८,००० चौरस किलोमीटरचं आहे आणि सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. पलीकडचा काठ दिसत नाही.

पोहण्याचा मोसम मे अखेरच्या मेमोरियल डेच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या लेबर डेला संपतो. जीवरक्षक सकाळी ११ ते संध्याकाळी ७ पर्यंत असतात. त्यांच्या खुर्चीजवळचा झेंडा बघा: हिरवा म्हणजे उतरा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाय भिजवायलाही नको. लाल झेंडा स्वच्छ उन्हातही लागतो. कारण लाटा वाऱ्याने उठतात, आणि उत्तरेचा वारा सुटला की त्याला धावायला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी मिळतं.

समुद्रात पोहलेल्यांची इथे तीन बाबतींत चूक होते. पहिली, गोड्या पाण्यात अंग कमी तरंगतं. दुसरी, लाटा आखूड अंतराने येतात. एक डोक्यावरून गेली, श्वास घेतला, की लगेच दुसरी. तिसरी चूक सगळ्यात वाईट: लोक धक्क्याच्या भिंतीला धरून पोहतात, आधार आहे असं समजून. लाटांचं पाणी भिंतीला आपटून तिच्या कडेनेच आत परततं आणि माणसाला ओढून नेतं. भिंतीपासून लांब राहा. ओढ लागली तर काठाकडे झुंजू नका. उताणे तरंगा, मग काठाला समांतर सरका.

भरती-ओहोटी इथे जाणवण्याइतकी नसते, पण हवेच्या दाबाने आणि वाऱ्याने पाणी एका काठाकडे ढकललं जाऊन अचानक चढू शकतं. २६ जून १९५४ ला अशाच लाटेने धक्क्यावर मासे धरणारे ८ जण ओढून नेले. वादळाची पट्टी सरोवरावरून गेली की ऊन पडलं तरी लगेच धक्क्यावर जाऊ नये.

पाणी गार असतं. जूनच्या सुरुवातीला १५ अंशांच्या आसपास, ऑगस्टमध्ये २० ते २३. वाऱ्याने वरचं कोमट पाणी आत लोटलं की तळचं गार पाणी वर येतं. काल छान वाटलेल्या पाण्यात आज पाय बधिर होतात. मोठा पाऊस झाला असेल तर पाण्याच्या स्वच्छतेची सूचना बघूनच उतरा.

घरी ३० अंश आहे, मग जॅकेट कशाला?

शिकागोच्या हवामानवृत्तात ‘सरोवराजवळ थंडावा’ असं एक ठरलेलं वाक्य असतं. ते गंभीरपणे घ्या. मे-जूनमध्ये सरोवराचं पाणी अजून थंडच असतं. दुपारी वारा फिरून पाण्यावरून यायला लागला की अर्ध्या तासात पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. नेपरव्हिल किंवा शॉम्बर्गसारख्या उपनगरांतून येणारे आई-बाबा सुती झब्बा आणि साडीत निघतात आणि तासाभरात गाडीत जाऊन बसतात. एक वारा न शिरणारं पातळ जॅकेट आणि कानाला रुमाल, एवढं पिशवीत असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये उलट टोपी आणि पाणी जास्त लागतं, कारण किनाऱ्यावर सावली जवळपास नाही.

सूर्यास्त कुठून छान दिसतो?

पाण्यावरचा सूर्यास्त इथे दिसतच नाही. मरीन ड्राइव्ह, गणपतीपुळे, मिरामार अशी डोळ्यांची सवय असल्याने आपले लोक संध्याकाळी सातला किनाऱ्यावर जाऊन बसतात आणि सूर्य पाठीमागच्या इमारतींत मावळतो. सरोवर शहराच्या पूर्वेला आहे. इथला ऐवज सूर्योदयाचा. जूनमध्ये तो सव्वापाचला होतो आणि बाग अधिकृतपणे सहाला उघडते, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम: साडेसहा-सातला सूर्य थेट पाण्यातून वर येतो. संध्याकाळी यायचंच असेल तर मॉन्ट्रोजच्या टोकाला उभं राहून दक्षिणेकडे बघा. शहराच्या उंच इमारतींच्या काचांवर ऊन उतरतं आणि मग एकेक दिवा लागत जातो.

सायकल भाड्याने मिळते? वाट सुरक्षित आहे का?

काठाने १८.५ मैलांची वाट आहे, उत्तरेला आर्डमोरपासून दक्षिणेला ७१व्या रस्त्यापर्यंत. २०१८ मध्ये चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट वेगळी करण्याचं काम पूर्ण झालं. जमिनीवरची खूण बघून चाला. सायकलच्या वाटेवर फोटोसाठी थांबणं हा अपघाताचा हमखास मार्ग. मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ ऐकू आलं तर डावीकडे उडी मारू नका, आहात तिथेच उजव्या कडेला राहा. तो तुमच्या डावीकडून पुढे जाणार असतो.

डिव्ही नावाच्या सार्वजनिक सायकली जागोजागी खुंट्यांना लावलेल्या असतात. वय १६ पूर्ण हवं. परत करताना खुंटीत घट्ट ढकला आणि हिरवा दिवा लागल्याशिवाय पाठ फिरवू नका; सायकल अडकली नाही तर मिनिटांचा मीटर चालूच राहतो. जाण्याआधी वाऱ्याची दिशा बघा. वारा पाठीवर घेऊन चार मैल सहज जाता येतं, परतताना तेच चार मैल दुप्पट वाटतात. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर, येताना पाठीवर.

मॉन्ट्रोजच्या पक्ष्यांचं एवढं कौतुक का?

सरोवरात शिरलेलं ते भरावाचं टोक आहे. रात्रभर स्थलांतर करून दमलेल्या पक्ष्यांना पहाटे पहिली हिरवळ तीच दिसते. तिथली ‘मॅजिक हेज’ ही झुडपांची रांग शीतयुद्धाच्या काळात लष्करी बराकी झाकायला लावली होती. लष्कर गेलं, झुडपं राहिली. आजवर ३०० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. मेचा पहिला पंधरवडा सर्वोत्तम: वटवट्यांच्या आकाराचे रंगीत वॉर्बलर हातभर अंतरावर. दक्षिणेचा वारा वाहिलेल्या रात्रीनंतरची सकाळ गाठा, आणि सातच्या आत.

शेजारच्या वाळूच्या टेकड्यांना दोरी बांधलेली असते, ती ओलांडू नका. २०१९ मध्ये पायपिंग प्लोव्हर या दुर्मिळ पक्ष्याच्या जोडीने तिथे अंडी घातली. आपल्या चिखल्याचा चुलतभाऊ म्हणा, मुठीएवढा. त्या उन्हाळ्यात तिथे होणारा संगीत महोत्सव रद्द झाला.

डबा, चहा, शेगडी: काय चालतं?

हिरवळीवर सतरंजी टाकून थालीपीठ-दही खायला कोणाची हरकत नाही. बसण्याआधी गवत बघा. कॅनडा हंसांच्या लेंड्या सगळीकडे असतात, म्हणून सतरंजीखाली प्लास्टिकचा कागद. कोळशाची शेगडी आणता येते, पण झाडाखाली नाही. निखारे कचरापेटीत टाकू नका की गवतावर ओतू नका, त्यांच्यासाठी वेगळे डबे ठेवलेले असतात. दारू आणि सिगारेटला बंदी आहे. पन्नासहून जास्त मंडळी जमणार असतील, मग ते केळवण असो की मंडळाची सहल, तर आधी परवाना काढावा लागतो.

बाहेरचं शाकाहारी खाणं बागेत बेताचंच. फ्राइज कोणत्या तेलात तळले ते विचारा. पोटभर जेवायचं तर डेव्हन अव्हेन्यू गाठा. भारतीय दुकानांची आणि खानावळींची ती जुनी वस्ती. रेड लाइनने लोयोला, तिथून १५५ नंबरची बस.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना कसं न्यावं?

जमीन सपाट आहे, त्रास चढाचा नाही, अंतराचा आहे. १५१ बसने प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी उतरा. चाकाची खुर्ची आत भाड्याने मिळते. मग दक्षिणेकडचं तळं: अर्ध्या मैलाची लाकडी पायवाट, मधमाशांच्या पोळ्यासारखी कमान, आणि कमानीतून दिसणाऱ्या इमारती. फोटो सगळे तिथलेच असतात. किनाऱ्यावर न्यायचं असेल तर वाळूवर अंथरलेल्या टणक पट्ट्यांची जागा निवडा. मऊ वाळूत काठी रुतते आणि पाय मुरगळतो.

शौचालयं कुठे आहेत?

उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या इमारतींत. थंडीत त्या कुलूपबंद असतात आणि पाण्याचे नळही बंद करतात, नाहीतर पाइप गोठून फुटतील. तेव्हा प्राणिसंग्रहालय हाच भरवशाचा आधार. मॉन्ट्रोजला जानेवारीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून चहा प्यावा.

इतिहास संग्रहालयाजवळ कुंपणातली ती दगडी खोली कसली?

थडगं आहे. या भागात पूर्वी शहराची दफनभूमी होती. १८६५ मध्ये लिंकन यांच्या हत्येनंतर बागेला त्यांचं नाव दिलं आणि पुढे थडगी हलवली. १८५८ साली बांधलेलं काउच कुटुंबाचं हे थडगं तेवढं राहिलं. सगळे अवशेष निघाले नाहीत. खोदकामात अजूनही हाडं सापडतात. जवळच १८८७ चा उभ्या लिंकन यांचा पुतळा आहे. भेटायला ठरवण्यासाठी ती जागा उत्तम, कोणी चुकत नाही.

गणपतीचं विसर्जन सरोवरात करता येईल का?

नाही. सरोवरात काहीही टाकायला मनाई आहे. निर्माल्य, दिवे, नारळसुद्धा. शहराचं पिण्याचं पाणी इथूनच येतं. शाडूची छोटी मूर्ती घरी बादलीत विसर्जित करा आणि ते पाणी कुंडीत घाला.

हिवाळ्यात काठावरच्या बर्फावरून चालता येतं?

वाटेवरून चाला, काठावरच्या बर्फावरून अजिबात नाही. जमिनीसारखा दिसणारा तो थर लाटांच्या तुषारांनी रचलेला असतो, आत पोकळ आणि खाली पाणी. पाय गेला तर कडा हाताला लागत नाही, कारण ती चेपत जाते. सिमेंटच्या पायऱ्यांवरही काचेसारखा पातळ बर्फ असतो, तो रंगाने कळत नाही. फोटो पायऱ्यांच्या वरच्या कठड्याजवळून काढा. डिसेंबरमध्ये चार-सव्वाचारलाच अंधार पडायला लागतो, म्हणून दुपारी एकच्या आत निघा.